रात्रपाळीची वही

वही म्हणजे कृषी केंद्रानं फुकट वाटलेली डायरी,
दर पानाच्या डोक्यावर सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात
आणि खाली तुझं अक्षर,
तापाच्या तक्त्यासारखं सरळ.

तुझी बदली झाली गंगाखेडच्या दवाखान्यात,
पाळी रात्रीची, परभणीहून साडेसहाची एसटी.
जाताना तू वही फ्रीजवर ठेवलीस,
वरून लिंबू ठेवलंस, पंख्यानं उडू नये म्हणून.

पान एक. वरणफळं.
"डाळ दोन मुठी. माझ्या. तुमच्या नव्हे."
मी वाचलं, हसलो, आणि माझ्याच मुठीनं मोजली.
तीन दिवस आम्ही वरणफळं खाल्ली.

पान चार. पिठलं.
"गाठी झाल्या तर घाबरू नका.
गॅस बारीक करा, रवी घ्या,
लेकरांना गॅलरीत पाठवा."

दिवसभर डेपोत मी गिअरबॉक्स उघडतो,
कोणता दाता झिजला ते आवाजावरून सांगतो,
पण भाकरी थापताना काठाला चिरा का पडतात
ते मला कळेना.
तू समासात लिहिलंस:
"पिठाची विरी गेली असेल. पाणी कढत घ्या.
आणि तळहातानं मळा, पान्यानं आवळल्यासारखं नको."

पान सात. अंबाडी.
"शिजवून पाणी फेका, कण्या घाला,
वरून लसूण, करडईच्या तेलात, लाल होईस्तोवर.
धीरज नाक मुरडेल. मुरडू द्या.
दुसऱ्या घासाला सरळ होतं."
झालं. तिसऱ्या घासाला झालं, पण झालं.

पान नऊचं अक्षर प्राचीचं.
शेजारच्या खालिदा आपा कट्ट्यावर बसून सांगत गेल्या
आणि ही लिहीत गेली:
"खट्टा. तीळ भाजा, दाणे भाजा,
कांदा सालीसकट आगीवर धरा, काळा होऊ द्या.
चिंचेचं पाणी किती? आपा म्हणतात, डोळे मिटतील इतकं.
मीठ आधी मला दाखवा."
आता खिचडी केली की मी वाटी घेऊन
त्यांच्या दारात उभा असतो, मीठ दाखवायला.

मधली काही पानं तेलानं पारदर्शक झालीत,
धपाट्यांतून शेंगोळे दिसतात.
एकदा दोन्ही वाचून एकच पदार्थ केला.
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

सव्वीस पानं संपली तेव्हा उलसं लक्षात आलं.
सगळीकडं "लेकरांना वाढा", "तुम्ही घ्या",
"आपांकडं वाटी पाठवा".
रात्री अडीचला वॉर्डात तू काय खातेस,
त्याचं पान नाही.

फोन केला. मागं कुणाचंतरी लेकरू रडत होतं.
"चहा घेतला ना," म्हणालीस,
"बिस्किटं होती. ठेवते, बाळंतीण आलीय."

मग पान सत्तावीस मी लिहिलं,
जॉब कार्डावर लिहितो तसं, तिरकं:
सुशीला. चुरमुरे दोन मुठी. माझ्या.
भिजवून, पिळून.
फोडणीत दाणे, मिरची, कढीपत्ता, कांदा,
शेवटी डाळव्याचं कूट.
डबा फडक्यात बांधणे,
कारण झाकणाचं रबर गेलंय.

सकाळी नऊला डबा परत आला, धुतलेला.
तू चप्पल काढून तशीच झोपलीस,
घड्याळ हातातच.
दुपारी वही उघडली तर पानावर लाल पेन:
"मीठ जास्त. चुरमुरे लवकर पिळा.
सुकेशिनी सिस्टरनं दोन घास मागून घेतले.
पुन्हा गुरुवारी."

आज बुधवार.
चुरमुरे आणायचेत, अर्धा किलो,
आणि ते रबर.